उलटा काटा

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात दुर्गाबाई गुडघा चोळत बसल्या होत्या. समोरच्या बाकावर अंगठ्यात मासे धरायचा गळ रुतलेला एक गृहस्थ आणि त्याची शाळकरी मुलगी. शेजारच्या आजोबांना राहवेना.

"मासा मिळाला, की नुसताच अंगठा?"

"अंगठाच. पण काका, हिला चांगले तीन मिळाले! आणि तिन्ही तिनं परत पाण्यात सोडले."

"सोडायचेच होते, तर धरले कशाला?"

"उन्हाळ्यात मुळशीला शिबिरात शिकून आलीय. ओल्या हातानं धरायचा, मोजायचा आणि सोडायचा."

"अन् तुम्ही काय शिकलात?"

"पप्पांनी ऐकलंच नाही, आजोबा. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो. तो आम्ही पकडीनं चेपून टाकतो, म्हणजे माशाला न फाडता गळ अलगद निघतो. पप्पा म्हणाले, अशानं मासा निसटेल."

"मग? निसटला?"

"माझा एकही नाही. दोरी ढिली सोडायची नाही, बस्स."

"बघा! खराडीच्या ऑफिसात अख्खी टीम माझं ऐकते, आणि मी हिचं ऐकलं नाही."

"त्यात छाती कसली फुगवता?"

"फुगणारच हो! मागच्या वर्षी ही पाहुण्यांसमोर तोंड उघडत नव्हती."

आतून हाक आली. बापलेक पडद्याआड गेले. दुर्गाबाईंनी कान टवकारले.

"प्रियदर्शनी, हात धर गं."

"धरलाय. हलू नका, पप्पा."

"आई गं!"

दवाखाना हादरला. पाठोपाठ तोच आवाज, आता खणखणीत:

"डॉक्टर, हिचा गळ असता ना, तर कधीच निघाला असता!"