तिकिटात धरलेलं

रोलर कोस्टरच्या रांगेत माझ्या पुढे एक नवराबायको उभे होते.

"म्हणे समुद्री चाच्यांच्या जहाजात जेवा! चाच्यांनी लुटलंच शेवटी."

"अहो, हळू बोला."

"का म्हणून? फलकावर मासा हातभर, ताटात बोटभर. त्यात सूप थंडगार."

"सूप वाफाळतंच आलं होतं. तुम्ही त्याचे फोटो काढत बसलात."

"आणि वर तो वाढपी टिपेसाठी टोपी पुढे करून उभा! मी स्पष्ट सुनावलं, बाबा रे, वाढणं तिकिटातच धरलंय."

"एका डोळ्यावर पट्टी बांधून जिने चढत होता हो बिचारा. तेही तुमच्या लिंबाच्या फोडीसाठी."

"अशांना एकदा दिलं की सोकावतात."

"धन्य आहे तुमची! बसा आता, आपली पाळी आली. आणि पट्टे कोण लावतोय ते बघा."

"कोण?"

"तुमचा चाचा. डोळ्यावरची पट्टी तेवढी काढलीय."

"हा इथे कसा?"

"जेवणाची गर्दी ओसरली की वाढप्यांना इकडे पाठवतात. मघाशी तोच सांगत होता, तेव्हा तुम्ही मासा मापत होतात."

"अगं, सुटे आहेत का तुझ्याकडे?"

"कशाला? सोकावेल ना तो."

"नमस्कार दादा! सूप काय फक्कड होतं हो तुमचं! हा माझा पट्टा... नीट लागलाय ना?"

"काळजी नको साहेब. पट्टा तिकिटातच धरलाय."