भिंतीला न टेकलेली खोली

मंडळी,

आपण सगळे आलात. घोडेगावातून आलात, जुन्नरहून आलात, पिंपरी पेंढारहून भर कामाच्या दिवसांत शेत सोडून आलात. मागे डिंभ्याच्या बायका बसल्या आहेत. त्या या सभेसाठी आल्या आहेत की एसटीसाठी, हे मी विचारणार नाही. दोन्ही कारणं इथे सारखीच मानाची आहेत.

या भागात कुणी गेलं की दशक्रियेला मला बोलावतात आणि मी आत्म्याच्या अविनाशित्वावर बोलतो. शब्द ठरलेले असतात. जिभेला वाट माहीत असते. आज ती वाट सापडत नाही. कारण ज्यांना निरोप द्यायचा, त्यांनीच उभ्या केलेल्या खोलीत आपण बसलो आहोत. इथे कुठेही पाहिलं तरी त्यांचा हात दिसतो. अशा ठिकाणी बोलायचं कसं?

कंचनताई गेल्या. आजार थोड्या दिवसांचा ठरला. त्यांचे बंधू, वहिनी, भाचरं समोर बसली आहेत. जुन्नरच्या पेठेतलं हे जैन व्यापारी घराणं. पूर्वज राजस्थानातून आले, पण कंचनताई रागावल्या की मराठीतच रागवायच्या. पुण्याला जाऊन त्या घरांच्या आतल्या मांडणीचं शास्त्र शिकल्या. लोक त्यांना ‘इंटिरियरवाल्या ताई’ म्हणत. हायवेवरच्या बंगल्यांची कामं त्यांनी केली, उत्तम केली. जीव मात्र बंद पडलेल्या इमारतींत. बाजार हायवेकडे सरकला आणि पेठेत एकेक दुकान मिटत गेलं. आपण तिथून जाताना मान खाली घालत होतो. ताई थांबायच्या. फटीला डोळा लावून आत बघायच्या. जुन्नरला एका रिकाम्या भुसार वखारीत त्यांनी शिवणकाम करणाऱ्या बायका बसवल्या, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे.

आज मात्र मी या एकाच खोलीविषयी बोलणार आहे. कारण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न आहे आणि कुणी तो उच्चारत नाही. ही जागा ताईंना मिळाली होती ती त्या हयात असेपर्यंत. ती मुदत संपली. जागेचे दोन्ही मालक इथे बसले आहेत. एक या टोकाला, एक त्या टोकाला. उद्यापासून या खोलीचं काय?

तरुण मंडळींना आरंभ ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. हे कापडाचं दुकान होतं. बबनराव आणि सोपानराव यांच्या वडिलांनी शेतीच्या जोडीला चालवलेलं. वडील गेले, वाटण्या झाल्या, जमीन वाटली गेली. दुकान वाटलं गेलं नाही. दाराला दोन कुलपं लागली, थोरल्याचं एक, धाकट्याचं एक. वर्षांमागून वर्षं गेली. आणि याच दारासमोर, इस्पितळातून निघालेल्या बायका तान्ही मुलं घेऊन उन्हात उभ्या राहायच्या. पलीकडे स्टँडवर शेड होती. तरी उन्हातच.

आपण सर्वांनी ते पाहिलं होतं. ताईंनी विचारलं. हौसाबाई, तुम्ही मागे बसला आहात. डोक्यावर मासळीची पाटी घेऊन तुम्ही उभ्या होतात आणि ताई म्हणाल्या, “मावशी, सावलीत का नाही बसत?” तुम्ही काय उत्तर दिलंत, मी शेजारीच होतो.

“बसलो आन् यश्टी गेली म्हंजी? फळीवर लिवलेल्या टायमाला ती कंदी आली का? शेडमधून दिसत बी न्हाई. रातच्याला मंग तुमच्या घरी येऊ का ऱ्हायाला?”

ताई हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मला म्हणाल्या, “गुरुजी, या बायकांना सावली नकोय असं नाही. सावलीत बसून रस्ता दिसायला हवाय.” मंडळी, इतकी वर्षं मी त्याच रस्त्यानं देवळात जात आलो. दुःख दिसणं वेगळं, आणि त्या दुःखाची नेमकी जागा दिसणं वेगळं.

या दोघा भावांच्या वडिलांच्या दशक्रियेला प्रवचन माझं होतं. म्हणून हे दुकान बायकांना बसायला मिळावं यासाठी मध्यस्थीला मी. दोघांना माझ्या ओसरीवर बसवलं. बबनराव म्हणाले, “गुरुजी, तुमी म्हणताय तर उघडतो. पर भिंतीला एक खिळा जरी ठोकला ना, उद्या ह्यो म्हणंल म्या दुरुस्ती केली, जागा माझी.”

सोपानराव त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “आन् चुना लावला तर ह्ये म्हणत्याल आमी रंगवली. चुना बी न्हाई लावायचा.”

ताई शांतपणे म्हणाल्या, “बरं. तुमच्या भिंतींना हातच लावत नाही. दुकानाच्या आत मी माझी खोली उभी करते. तुमचं मिटलं की उचलून नेते.”

“ताई, खोली काय पाटीत घालून न्यायची चीज हाय का?” बबनराव म्हणाले.

“बघा तर राव.”

बबनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “तुमी हाय तवर वापरा. तुमच्या माघारी आमचं आमी बघू.” सोपानरावांनी मान हलवली. कित्येक वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका वाक्यावर.

आता आपण जरा मान वळवून पाहा. सगळीकडे पाहा. ही लाकडी चौकट स्वतःच्या पायांवर उभी आहे. एकाही भिंतीला ती टेकलेली नाही. चारी बाजूंनी वीतभर अंतर आहे. मुंगी त्या भिंतीवरून निघाली, तर या खोलीत यायला तिला आधी जमिनीवर उतरावं लागेल. दिव्याच्या तारा चौकटीवरून गेल्या आहेत. ही लाकडं मोडीत निघालेल्या दुकानांच्या दारांची आहेत. डोक्यावर लग्नमंडपासारखं पांढरं कापड ताणलं आहे. ही झोळी पाहा. शेतात कामाला गेलेली बाई तीन काठ्यांवर झोळी टांगते, तशीच. छताला तिचा भार नाही. आणि हा उजेड? काही नवं बसवलं नाही. कौलांतल्या काचा फक्त धुतल्या. त्याला दोघांचीही हरकत नव्हती. धुतल्यानं मालकी येत नाही!

हसा. ताईंनाही हे सांगताना हसू आवरायचं नाही.

काम सुरू करण्याआधी त्या इथे नुसत्या बसून असायच्या. स्टुलावर, धुळीत, हात मांडीवर. मी विचारलं, “ताई, काय करता?” म्हणाल्या, “ऊन कुठं कुठं फिरतं ते बघतेय. ते इथलं जुनं राहणारं आहे. त्याला विचारल्याशिवाय सामान कसं मांडू?”

मी वेदान्त वाचलेला माणूस आहे. घट आणि आकाश यांचा दृष्टान्त मी किती वेळा सांगितला असेल, मोजदाद नाही. घटामुळे आकाश निर्माण होत नाही, घट फुटला तरी आकाश फुटत नाही. श्रोते माना डोलवायचे, मीही डोलवायचो. पण घटातलं ते आकाश वाट पाहत असतं, कुणीतरी येऊन आपल्यात टेकावं म्हणून, हे मला या खोलीत जाणवलं. भांडण भिंतींचं होतं. रिकामी जागा कुणाशीच भांडली नव्हती. ताईंनी भिंती भावांकडे ठेवल्या आणि आतलं आकाश थकलेल्या बायकांना दिलं.

तसबिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. खोली तयार होत आली तेव्हा बबनराव म्हणाले, “ताई, समोर दत्ताची एक तसबीर लावू. जागा पवित्र ऱ्हाईल.” सोपानरावांनाही पटलं. मलाही पटलं. ताई म्हणाल्या, “दादा, तसबिरीला खिळा लागतो. चालेल का?”

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहायला लागले. विषय तिथेच मिटला.

वाटेत मात्र ताईंनी मला खरं कारण सांगितलं. “गुरुजी, समोर देव असला की ओली बाळंतीण पायरीवरच थांबेल. म्हणेल, मला विटाळ आहे. मग ही खोली मी केली कुणासाठी?” देव या खोलीत नाही असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. जो सर्वत्र आकाशासारखा भरलेला आहे, त्याला खिळ्याची गरज नसते. तसबीर न लावता एखाद्या स्त्रीनं देवाची इतकी सोय केलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि दाराशी, वाऱ्याच्या बाजूला, सावलीतला तो कट्टा आहे ना, त्यावर मासळीच्या पाट्या ठेवतात. आतून त्या दिसतात. पेठेतल्या एकानं ताईंना टोमणा मारला, “काय ताई, सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या तुम्ही, आणि मासळीला शेज करून देता?” ताई म्हणाल्या, “मासे माझ्या ताटात नाहीत हो. तिच्या डोक्यावर आहेत. डोक्यावरचं ओझं बाईनं उतरवायचं कुठं?” टोमणा मारणारा गृहस्थ आज या सभेत आहे. त्यानंच सतरंज्या आणल्या आहेत.

आता आरसा. दुकानाच्या माळ्यावर तो पालथा पडून होता. गिऱ्हाईक खांद्यावर कापड टाकून ज्यात बघायचं, तोच. ताईंनी तो खाली उतरवला, पायांच्या चौकटीत बसवला, आणि दारापाशी तिरका उभा केला. फिरवत राहिल्या. थोडा इकडे, थोडा तिकडे. सुतार वैतागला. मग त्या आत येऊन गादीवर बसल्या, आरशाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “राहू दे. आला.”

काय आलं? स्टँड आला, मंडळी. अख्खा स्टँड. जिथून रस्ता दिसत नव्हता, तिथे बसून रस्ता दिसायला लागला.

हौसाबाई पहिल्या दिवशी उंबऱ्याशी उभ्या होत्या. कुणीतरी हाताला धरून आत बसवलं. बसल्या, पण पाठ ताठ. केव्हाही उठायच्या तयारीत. मग त्यांचं लक्ष गेलं. “आगं बया! यश्टी आरशात!” गाडीची पाटी उलटी दिसत होती, पण डिंभ्याची गाडी पाटीवरून कोण ओळखतं? तोंडाशी चेपलेली ती आपली, हे सगळ्यांना ठाऊक. बायका उठल्या, पाट्या उचलल्या, मुलं कडेवर घेतली आणि निवांत चालत गेल्या. धावल्या नाहीत. त्या बायका न धावता एसटीकडे जाताना मी प्रथमच पाहत होतो. मी या खांबाला धरून उभा राहिलो.

आरशात दिसणारी नगरी म्हणजे हे जग, दिसतं पण नसतं, असं शास्त्र सांगतं. मीही सांगत आलो. पुढेही सांगेन, कारण ते खोटं नाही. पण त्या दिवशी आरशात आलेल्या एसटीत बसून हौसाबाई खरोखरच डिंभ्याला गेल्या. मी फक्त थक्क झालो आणि अजून थक्क आहे.

आता तो न उच्चारलेला प्रश्न.

ताई गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी बबनराव माझ्याकडे आले. खाली मान घालून म्हणाले, “गुरुजी, माजं काय न्हाई. बसू द्या बायांला. पर धाकटा बंद करंल. त्याला कोन सांगायचं?” मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सोपानराव आले. तसेच बसले, त्याच पाटावर. म्हणाले, “गुरुजी, माजं काय बी न्हाई. ऱ्हाऊ द्या हाय तसं. पर थोरला बंद करनार बगा. त्याच्यापुढं आमचं काय चालतंय?”

मी दोघांनाही उत्तर दिलं नाही. आज सर्वांसमक्ष सांगतो आहे. बबनराव, खाली पाहू नका. सोपानराव, तुम्हीही. तुम्हा दोघांनाही ही खोली उघडी हवी आहे, आणि दोघांनाही वाटतं की ती दुसऱ्याला नको आहे. शोकसभेत कुणाकडे वचन मागू नये, एवढा विवेक मला आहे. मी मागत नाही. जे ऐकलं ते सांगितलं. तुम्ही एकमेकांना कधी सांगितलं नसतंत, म्हणून मी सांगितलं. पुढचं तुम्ही दोघं जाणा.

कंचनताई, तुम्ही मला वाकून नमस्कार करायचात, आणि मी सवयीनं हात वर करायचो. आज मी वाकतो. तुमच्या धर्मात पुढच्या प्रवासाला जे नाव असेल, त्या प्रवासाला माझा नमस्कार पोहोचो.

मंडळी, आता आपण उभे राहू आणि थोडा वेळ शांत राहू. एक विनंती आहे. या वेळात कुणी दार लोटून घेऊ नका. मूल रडलं तर आईकडे डोळे वटारू नका. बाहेरून कुणी आत येत असेल, तर त्याला सरकून जागा द्या. आणि मध्येच गाडी आली, तर ज्यांना जायचं आहे त्यांनी खुशाल निघावं. तो अनादर नाही. बसलेल्या माणसाला वेळेवर उठून जाता यावं, एवढ्यासाठीच तर ताईंनी हे सगळं केलं.

उठा, मंडळी. सावकाश उठा.