उतरवायची वेळ

(मेक्सिकोतलं सेलाया. बकरीचं दूध साखर घालून आटवून काहेता हा गोड पदार्थ करायचं घरगुती भट्टीघर. बाप, मुलगी आणि बापाची बहीण ओबदुलिया, म्हणजे आत्या.)

नोएमी : अप्पा, पाय मागे घ्या! पायावर पडलंय!

अप्पा : काय पडलं? ओरडू नकोस, दूध दचकतं.

नोएमी : काहेता पडलीय, उकळती! आत्या, गार पाणी आण. अप्पा, चप्पल काढा.

अप्पा : हात थांबला तर तळाला लागेल. पस्तीस लिटर दूध आहे कढईत. तूच काढ, मी ढवळतो.

नोएमी : कातडं सोलून निघालंय. तुम्हाला कळलंही नाही?

अप्पा : चाळीस वर्षं भट्टीपुढे उभा आहे. पाय निबर झालेत.

आत्या : हे घे पाणी. फिदेन्सियो, अरे माझ्या बोटाला थेंब लागला तर मी सगळी गल्ली गोळा करते, आणि तू आपला खांबासारखा उभा!

नोएमी : हळू ओत, आत्या. अप्पा, करंगळीला हे फडकं कसलं?

अप्पा : काही नाही. ढलपी घुसली होती.

नोएमी : कधी?

अप्पा : मृतांच्या दिवसाला. लाकडं फोडताना.

आत्या : म्हणजे सव्वा महिना झाला की!

नोएमी : काळी पडलीय. आत्या, गाडी काढ.

अप्पा : कुठे निघालात? अजून तीन तास आहेत कढईला. आणि गेल्याच महिन्यात रक्त तपासायला दिलं मी. साखर चांगली निघाली.

आत्या : निघेल नाही तर काय! तीन दिवस नुसती निवडुंगाची भाजी खाऊन गेला होतास. सुईला फसवतोस?

नोएमी : सुई फसली नाही, आत्या. त्याच रक्ताची दुसरी तपासणी होती, ती मागच्या तीन महिन्यांचं सांगते. साडेबारा आलीय. साडेसहालाच मधुमेह म्हणतात. अप्पा, गोळ्या घेता ना?

आत्या : सांग की. का मी सांगू? साबणाच्या डब्यात साठवल्यात.

अप्पा : त्या गोळीनं तोंडात नाणं चघळल्यासारखं होतं. जीभच गेली तर काहेता काय वासावर करू? या जिभेवर तुझं शिक्षण झालंय.

नोएमी : गोळी बदलून मिळते, अप्पा. सांगायचं तरी!

अप्पा : शिकलेल्यांना सगळं सोपं.

नोएमी : बरं, शिकलेलं राहू दे. कढईत दूध तपकिरी कशानं होतं?

अप्पा : साखर जळते.

नोएमी : एकटी नाही जळत. साखर दुधातल्या प्रथिनांना चिकटते. आधी सैल, सुटूही शकते. मग घट्ट बसते, रंग चढतो, एकाला एक गुंततं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीही प्रथिनांच्याच असतात. रक्तात साखर वाढलेली आणि विस्तव अंगाचा, मंद. म्हणून तासांऐवजी वर्षं लागतात. भिंती ताठ होतात, वाट अरुंद होते. सगळं एवढ्यानंच होतं असं नाही, पण बरंचसं. मग टोकाला रक्त पोचत नाही. चटका कळत नाही, जखम भरत नाही.

अप्पा : म्हणजे मी आतून काहेता झालोय.

आत्या : गोड तर कधीच नव्हतास.

अप्पा : गप गं. नोएमी, ते परत पांढरं होतं?

नोएमी : तुमच्या कढईतलं होतं का?

अप्पा : नाही.

नोएमी : मग कढई कधी उतरवायची, तुम्हीच सांगा.

अप्पा : रंग यायच्या आधी. खाली घेतल्यावरही तांब्याच्या धगीनं शिजतच राहते. रंगाची वाट बघत बसलं की करपलीच.

नोएमी : करंगळीला रंग आलाय, अप्पा. आज गेलो तर कदाचित एका बोटावर निभावेल. उशीर केला तर डॉक्टर घोट्यापासून कापायची गोष्ट काढतील.

अप्पा : उद्या सकाळी जाऊ. नक्की.

आत्या : आईही उद्याच म्हणाली होती. तिच्या आधी तिचा पाय पुरून आलो आपण, विसरलास?

अप्पा : कढईचं काय करू मग? ज्या हातानं सुरू झाली त्याच हातानं संपवायची असते. हात बदलला की दूध फाटतं. आजोबांपासून चालत आलंय.

नोएमी : दूध आंबटपणानं फाटतं. म्हणून तर सकाळी चिमटीनं सोडा घातलात ना. हात कुणाचा, ते दुधाला कळत नाही.

अप्पा : आणि फाटलं तर?

नोएमी : तर पस्तीस लिटर दूध जाईल. पाय नाही जाणार.

आत्या : गाडी चालू करून आलेय. चढतोस का उचलू?

अप्पा : धर. असं नाही, दोन्ही हातांनी. लाकडी फावडं तळाला टेकवून ढवळ. थांबायचं नाही.

नोएमी : नाही थांबत.

अप्पा : आणि मला विचारायला फोन करू नकोस. तुझं तू ठरव, उतरव.

नोएमी : अप्पा, बघा, फाटलं नाहीये.

अप्पा : मी मागे बघत नाही. ओबदुलिया, तो साबणाचा डबा घे बरोबर.