स्लॅबची तहान

डोळ्यांच्या दवाखान्यात म्हातारा गवंडी आणि त्याची लेक एका बाकावर बसली होती. शेजारच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या; त्यांचा नंबर लांब होता, पण कान जवळच होते.

"ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करू. कालच घराचा स्लॅब टाकलाय, त्याला पाणी कोण मारणार?"

"कमी मारलं तरी चालेल, बाबा. आमच्या लॅबमधली पूड मी मालात घातलीय."

"कसली पूड?"

"बाळाच्या डायपरमध्ये असते तसली. पाणी पिऊन तिची जेली होते, आणि काँक्रीट सुकायला लागलं की ती आतल्या आत पाणी सोडते. तडे जात नाहीत."

"म्हणजे माझ्या स्लॅबला लंगोट बांधलास?"

बाईंना खोकल्याचं सोंग करावं लागलं.

"आणि पाणी सोडल्यावर तिथं भोकं राहतील, त्यांचं काय?"

"अगदी बारीक राहतात. मापातच घातलीय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर आज इथं आला असतात का?"

नर्सनं हाक मारली. म्हातारा दारापर्यंत गेला आणि परत आला.

"तरी तू घरी जा, पाणी मार."

"अहो, आता सांगितलं ना?"

"स्लॅबला नको असेल. तुझ्या हाताला काम हवं. इथं नुसती बसलीस तर रडत बसशील."

"आणि तुम्ही आत रडलात तर?"

"मला पट्टी बांधणारच आहेत. ती पिऊन घेईल."