मिटलेले डोळे

फोटो काढणाऱ्याचा फोटो कोण काढतं? दादा गेल्यावर घरात सगळ्यांना विचारलं, त्याचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. घरातला एकमेव मोबाइल अपघातात त्याच्यासोबतच फुटला. त्याच्या कॅमेऱ्यात पाहावं तर सगळीकडे मीच. तेरवीला हार कोणत्या फोटोला घालायचा?

मग आठवलं. पहिला कॅमेरा निवडताना बर्डीच्या बाजारातल्या दुकानात दादा म्हणाला होता, "माझा एक काढून पाह्य बरं." तो कॅमेरा आम्ही घेतला नव्हता. धावतच गेलो. गिऱ्हाइकांना दाखवायच्या त्या कॅमेऱ्यात दादा अजून होता, हसता हसता डोळे मिटलेला.

प्रिंट काढणारा म्हणाला, "भाऊ, कॉम्प्युटरवर डोळे उघडून देऊ का?"

"राहू दे गा. हसून राहिला तो."

हार मीच घातला.