नारळ वाढवण्याचा दावा

मंडळी, ऐका. पुढे सरका, मागच्यांना जागा द्या. आज प्रश्न साधा आहे — न्याय म्हणजे काय?

ते बघा, खांबाला टेकलेल्या बापूंनी मान हलवली! कोर्टात चपला झिजवून आलेत ते, त्यांना ठाऊक आहे. निकाल एकच, कागद एकच. ज्याच्या बाजूनं लागला तो म्हणतो न्याय झाला, दुसरा म्हणतो अन्याय झाला. मग मी विचारतो, असा निकाल असतो का हो, की कोर्टातून दोघंही तोंड पाडून बाहेर आले आणि पुढे दोघंही जिंकले? असतो. फक्त त्यासाठी न्यायाधीश थोडा चुकावा लागतो!

कोकणात कातळवाडी नावाचं एक गाव. नावाप्रमाणे सगळा कातळ. काजू होतो, करवंद होतं. माड मात्र औषधालाही नाही. नारळ यायचे खाली बंदरावरून. शिमग्याला वाघजाईची पालखी निघायची, आणि निघण्याआधी देवळाच्या पायरीवर पहिला नारळ वाढवायचा मान शिगवणांच्या घराचा.

वाढवायचा म्हणजे? फोडायचा! पण देवापुढे आपण 'फोडला' म्हणतो का? नाही. नारळ वाढवला. दिवा विझवला म्हणतो का? नाही. दिवा वाढवला. अशुभ जिभेवर येऊ नये म्हणून आपल्या माणसांनी शब्दच उलटा ठेवला. किती गोड रीत! पण परक्या माणसाला कळायची कशी? हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर शिगवणांचे दोन भाऊ. थोरला भागोजी, धाकटा राघो. बाप गेला तेव्हा भागोजी मुंबईला गिरणीत. शिमग्याला रजा मिळेना, म्हणून वर्षानुवर्षं नारळ राघोनंच वाढवला. पुढे गिरणी सोडून भागोजी गावी आला. म्हणाला, मान थोरल्याचा. राघो म्हणाला, इतकी वर्षं पायरीवर उभा कोण होता? खरं कोणाचं? दोघांचंही! म्हणून तर भांडण पेटलं. भर शिमग्यात, पालखीसमोर, दोघांनी एकाच नारळाला हात घातला. ओढाओढी झाली. नारळ राहिला अख्खा — आणि घर वाढलं! एकाची दोन घरं झाली. अंगणात कुंपण पडलं. पालखी देवळातच अडली.

आता भागोजीचं मन बघा. लहानपणी याच राघोला खांद्यावर बसवून त्यानं पालखी दाखवली होती. संध्याकाळी पडवीत बसला की कुंपणापलीकडून राघोचा खोकला ऐकू यायचा, आणि हा ताट अर्धंच ठेवून उठायचा. मान हवा होता हो त्याला, पण भाऊही हवा होता. जिंकलो तर भाऊ गेला, हरलो तर मान गेला! तरी दावा लावला. माणूस आहे, आपल्यासारखाच.

तालुक्याचं दिवाणी कोर्ट. न्यायाधीश शेषगिरी साहेब, कानडी मुलखातले, नुकतेच बदलून आलेले. मनानं लोणी. पण मराठी शिकलेले पुस्तकातून! म्हणाले, "वाद कशाचा आहे?"

भागोजी म्हणाला, "साहेब, नारळ वाढवायच्या मानाचा."

साहेबांचा चेहरा फुलला. वा! आजवर बांध कोरल्याचे दावे पाहिले. हे दोघे तर झाड वाढवण्यासाठी भांडतायत! त्यांनी विचारलं, हा नारळ आधी कोण वाढवत होतं? भागोजी म्हणाला, आमच्या बापानं वाढवला, आज्यानं वाढवला. साहेब म्हणाले, तीन पिढ्यांची बाग! कुठे वाढविता? राघो म्हणाला, देवळाच्या पायरीवर. साहेब जरा थबकले. दगडावर? मग म्हणाले, "आणि वाढायला किती काळ लागतो?"

"एक दणका, साहेब," राघो म्हणाला. "हात बसलेला असला की झालं."

शिरस्तेदारानं रुमालात तोंड खुपसलं. भागोजीचा वकील उठला, "साहेब, या शब्दाचा अर्थ इथे जरा..." साहेबांनी हात वर केला. म्हणाले, "वकीलसाहेब, मी भाषेची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो आहे." वकील बसला. पहिल्या वर्गापुढे कोण बोलणार!

मग साहेबांनी दोघांना विचारलं, "आपण दोघे स्वतःच्या हातांनी नारळ वाढविण्यास तयार आहात? वाघजाईला स्मरून सांगा."

दोघांनी छाती पुढे काढून सांगितलं, तयार.

साहेब म्हणाले, "उत्तम. दोघांनी देवळापुढे एकेक रोप लावावं. ज्याच्या माडाला आधी फळ धरेल, त्याचा मान. तोवर देवीचं सगळं गुरवानं करावं."

माड? कातळावर? दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली! वकील म्हणाले, वरच्या कोर्टात जाऊ. पण भागोजी म्हणाला, देवीला स्मरून हो म्हटलंय, आता माघार नाही. राघोही तेच म्हणाला. बघा हं — कित्येक महिन्यांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं!

पहारी घेऊन कातळ फोडला. शेतातली माती डोक्यावरून आणून खड्डे भरले. रोपं लावली. रोज विहिरीवरून घागर आणायची, आपल्या रोपाला घालायची, दुसऱ्याच्या रोपाकडे ढुंकूनही बघायचं नाही. देवळात वाघजाई गालात हसत असेल!

आणि एका वैशाखात राघोला ताप चढला. अंथरुणावरून उठवेना. भागोजी घागर घेऊन आला, तर राघोच्या रोपानं मान टाकलेली. मंडळी, इथे थांबा. खरं कोर्ट आता बसलं! साक्षीदार नाही, वकील नाही. नुसतं उभं राहायचं होतं. रोप मेलं की दावा जिंकला! भागोजी उभा राहिला. त्याला खांद्यावरचं ते पोर आठवलं. अख्खी घागर त्यानं राघोच्या रोपाला ओतली आणि आपल्यासाठी पुन्हा विहीर गाठली. असं रोज केलं. बोलला कोणाशी नाही.

पण राघोच्या बायकोनं ते पाहिलं. राघो बरा झाला, काठी टेकत देवळाशी आला, पाहतो तर आपलं रोप तरारलेलं! बायकोकडून सारं कळलं. पावसाळ्यात भागोजीच्या माडाचा शेंडा भुंग्यानं पोखरला, तेव्हा राघोनं तारेचा आकडा घालून एकेक भुंगा ओढून काढला. भागोजी मागे येऊन उभा. म्हणाला, "राघो, चहा घेतलास?"

संपलं! तेवढ्यावर कुंपण गेलं. त्या लाकडांवर चहा झाला म्हणतात.

वर्षं गेली, माड उंच झाले. आधी फळ धरलं भागोजीच्या माडाला. आता मान त्याचा. शिमगा आला. दोघांनी भागोजीच्या त्याच वकिलाकडून निरोप धाडून शेषगिरी साहेबांना बोलावलं. साहेब पेन्शनीत निघालेले, पण आपला निकाल फळला म्हणून हौसेनं आले. पालखी सजली. भागोजीनं नारळ घेतला, पायरीवर गेला, आणि म्हणाला, "राघो, तूही धर." दोघांनी एकाच नारळाला हात घातला. आठवतंय ना? तसाच, त्याच पायरीवर! आणि एका दणक्यात...

साहेब ओरडले, "अहो, इतक्या कष्टानं वाढविलात आणि फोडलात?"

गुरव म्हणाला, "फोडला नाही साहेब, वाढवला."

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलानं जमिनीकडे पाहिलं. साहेबांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. म्हणाले, "म्हणजे मी चुकीचा निकाल दिला?"

भागोजीनं ओल्या खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाला, "साहेब, तुम्हाला बरोबर कळलं असतं, तर आमच्यातला एक जण जिंकला असता."

साहेब हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. पालखी निघाली!

मंडळी, तुमच्याही घरी दावे आहेत. कोर्टातले नसतील, चुलीपाशी, बांधापाशी असतील. हसू नका, मला सगळ्यांची घरं ठाऊक आहेत! न्याय काय मागता, तर नारळ कोण फोडणार? एकदा देवी विचारेल, पाणी घालून तू वाढवलास काय? म्हणून आज घरी जा, आणि भांडण असेल तर माझं ऐका — ते वाढवा! दचकू नका. दिवा वाढवतात ना, तसं. एक फुंकर घाला, आणि वाढवून टाका!

बोला, वाघजाईच्या नावानं चांगभलं!