थोरल्यांना थोरले, धाकट्यांना धाकटे

—नाही हो, पान एकच, दोन कुठली! तुमची स्क्रीन लागली ना बाहेर हॉलमध्ये? मग बसा इथे आत निवांत, दुकानाच्या वाढदिवसाची भाषणं संपायला वेळ आहे; ती झाली की सासूबाई बटण दाबणार आणि आमचं पान तुमच्या स्क्रीनवर. तर — दुकानाची वेबसाइट एक, फोटो दोन. डावीकडे थोरले मालक, म्हणजे माझे सासरे. उजवीकडे धाकटे, त्यांचे भाऊ. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं — जावईबापू, माझा फोटो त्याच्यापेक्षा मोठा हवा. दुपारी धाकटे आले — अगदी तेच! एकाचा मोठा करावा तर दुसरा दुकानाची वाटणी मागणार, मधे भिंत घालणार. आणि मी कुठे बसू, भिंतीवर?

मग डोकं चालवलं. फोटोची रुंदी पानात कायमची लिहायचीच नाही. पान तयार होतं सर्व्हरवर, आणि मालकांनी आपापला नाव-पासवर्ड टाकला की सर्व्हरला कळतं कोण बघतंय ते. मग तिथेच रुंदी ठरवायची — ऐनवेळी, माणूस बघून! थोरले आले तर थोरले सहाशे, धाकटे दोनशे. नाहीतर उलट. चार ओळींचं काम, पण तीन वर्षं घरात ब्र नाही! उलट सासरे मला म्हणतात — बिचाऱ्या भावाचा फोटो फारच बारीक झालाय रे, जरा वाढव. धाकटेही तेच म्हणतात, तेही डोळ्यांत पाणी आणून! दोघांत इतकी माया मी कधी बघितली नव्हती.

काय? आज दोघं शेजारीशेजारी बसून बघणार? हो, बघू देत की! मी काय खुळा आहे? आज कुणाचंच नाव टाकायचं नाही. नुसतं पान उघडायचं — कुठलंही गिऱ्हाईक उघडतं तसं. सर्व्हर विचारणार, थोरले आहेत का? नाहीत. मग पुढची ओळ — नाहीतर... नाहीतर उलट...

थांबा. तुमचा मोबाइल द्या जरा. उघडा आमचं पान — अरे देवा! म्हणजे तीन वर्षं अख्ख्या जगाला धाकटे एवढे, आणि माझे सासरे पोस्टाच्या तिकिटाएवढे? आणि केलं कुणी — सख्ख्या जावयानं!

हसताय काय! ती स्क्रीनची वायर काढा आधी — एक ओळ बदलतो, दोन मिनिटं — काढा म्हणतो ना! काय? सासूबाईंनी बटण दाबलं? कधी?

मग टाळ्या का वाजत नाहीत?